जित्या माणसाले खांदा

"अन् ह्या टॉर्चातले सेल कोनं काढले, थे सांगा मले पह्यले."

"कोनता टॉर्च?"

"कोनता म्हंजे? घरात दहा टॉर्च हायेत का? पुराच्या बॅगेतला."

"थो होय! त्यातले सेल म्या घडीत टाकले. घडी बंद पडली होती ना वं."

"घडी पाहाले तुमच्या खिशात मोबाईल हाये. घरात पानी शिरल्यावर काय करान घडीचं? किती वाजता बुडलो थे पाहान?"

दाराशी बसून रामाजी पायाच्या नखातला चिखल काडीनं काढत होता आणि ते काम त्याला एकाएकी फार महत्त्वाचं वाटू लागलं. त्याच्या बायकोनं, गोपिकानं, बॅग जमिनीवर उपडी केली. बिस्किटाच्या पाच पुड्यांतला एक उरला होता. तोही उघडा, वर रबर गुंडाळलेलं. शिट्टी होती. काड्यापेटी होती, आत काड्या नव्हत्या. दोरी नावालाही नव्हती.

"दोरी?"

"बिछायतीत नेली. गनपतीच्या मंडपाले कमी पडत होती."

"तुमच्या मालकाच्या गोदामात दोरीचे गठ्ठे पडले हायेत, अन् माह्या बॅगेतली नेली?"

"मालकाची सडकी हाये. तुही नवी होती."

"अन् बिस्किटं म्या खाल्ले," आतल्या खोलीतून, कोणी विचारायच्या आधीच आवाज आला. "चहासंग काय नुसती हवा खाऊ?"

हा आवाज देवकाबाईचा, रामाजीच्या मायचा. वय अठ्ठ्याहत्तर. मागच्या उन्हाळ्यात न्हाणीत पाय घसरून खुबा मोडला, डॉक्टरनं आत सळई बसवली, तेव्हापासून बाई खाटेवर. कोणी धरलं तर चार पावलं चालते, पायरी चढत नाही. तोंड मात्र पहिल्यासारखंच चालतं, किंबहुना पायांचं काम पण तोंडानंच आपल्याकडे घेतलं आहे.

मृग लागल्यापासून गोपिकानं ही बॅग तिसऱ्यांदा भरली होती. आणि तिसऱ्यांदा घरच्यांनीच ती लुटली होती. चोर आला असता तर निदान सगळं एकदम नेलं असतं.

गोपिका मूळची कुहीकडची. धानाच्या मुलखातली पोरगी, बांधीतल्या गुडघाभर चिखलात वाकून वाकून रोवणी केलेली. पाण्याची भीती तिला लहानपणी कधी वाटली नाही, कारण गावात पाणी येतं ते सांगून येतं. बेडकं ओरडतात, ओढा रंग बदलतो, म्हातारी माणसं पारावरून उठतात. लग्न होऊन ती नागपुरात आली, सक्करदऱ्याच्या पलीकडं नाल्याच्या कडेच्या एका गल्लीत. इथलं पाणी न सांगता येतं.

रामाजी मंडप-खुर्च्या भाड्यानं देणाऱ्या बिछायत केंद्रात कामाला; गोपिकाचा धंदा लांब पोळीचा. ज्यांनी खाल्ली त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांनी एकदा तिच्या अंगणात उभं राहून पाहावं. पीठ फडक्यानं गाळायचं. मिठाच्या पाण्यात ते इतकं सैल भिजवायचं, की दुसरी बाई म्हणेल हे बिघडलं. मग ते आपटून आपटून त्याला तार आणायची. गोळा एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकत टाकत कोपरापर्यंत उतरवायचा, आणि पातळ लुगड्यासारखं झालं की चुलीवर उपड्या घातलेल्या मडक्यावर फेकायचं. बावीस वर्षं झाली, तिच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक केस उगवलेला नाही. दुसऱ्या मडक्यावर तिच्यासोबत शेजारची कामिनी बसते. रविवारी, लग्नसराईत आणि श्रावण सुटल्यावर दोघींना मान वर करायला फुरसत नसते.

तीन सालांमागं गणपतीत पहाटेच नाला गल्लीत शिरला. गोपिका जागी झाली ती अंथरूण ओलं लागलं म्हणून. लोखंडी पेटीवर खाट, खाटेवर सासू, आणि कमरेइतक्या पाण्यात खाटेचे दोन पाय धरून नवरा-बायको उजाडेपर्यंत उभे. तेव्हा देवकाबाई चालती होती. तरी तिच्या छातीत कफ भरला आणि तीन आठवडे दवाखान्यात काढावे लागले. डॉक्टर म्हणाला होता, आता पुन्हा असं भिजणं ह्या बाईला झेपणार नाही. त्यानंतर तर खुबाही मोडला. म्हणून गोपिकाच्या डोक्यात तेव्हापासून एकच गोष्ट घर करून होती: पाणी आलं तर ह्या बाईला गल्लीतल्या भैय्याजीच्या दुमजली घराच्या गच्चीवर न्यायचं कसं. बाकी घर गेलं तर जाऊ दे. भांडी धुता येतात.

ही गोष्ट घरात दुसऱ्या कोणाच्याच डोक्यात नव्हती, तिचा खरा वैताग तो होता.

"पानी आलं तं मंग पाहू," रामाजी म्हणायचा.

"आमच्या घरात चार मानसं हायेत," गोपिका कामिनीला सांगायची. "म्या, हे, आत्याबाई अन् 'पाहू'. साऱ्या कामाचा भरोसा त्या चवथ्यावर."

आणि देवकाबाईचं तर वेगळंच शास्त्र होतं. "सामान मांडून ठेवलं तं संकट येनारच ना वं. ताट वाढून ठेवलं का पाव्हना दारात उभा राह्यते. तिरडीचे बांबू कोनी आधी आनून घरात ठेवते का? तसं हे."

"अवो आत्याबाई, पाऊस काय माही बॅग पाहून पडते का?"

"तुले नाई समजनार. तुमच्या कुहीकडचे लोक असेच. सारं तोंडानं बोलावून घेतात."

जूनच्या सुरुवातीला समाजभवनात पुराबद्दल सभा झाली होती. महानगरपालिकेच्या ऑफिसातले एक साहेब आले, पंखा आपल्याकडं फिरवून बसले आणि सगळ्यांना एकेक कागद दिला. घरात काय काय तयार ठेवावं त्याची यादी. टॉर्च, दोरी, शिट्टी, कोरडं खाणं, औषधं, कागदपत्रं. बॅगेची अक्कल गोपिकाला ह्या कागदावरून आली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, धोका जाणवताच उंच ठिकाणी स्थलांतर करावे.

गोपिका उभी राहिली. "साहेब, आमच्या गल्लीत उंच ठिकान एकच हाये, ह्या भैय्याजीची गच्ची. अन् तिच्या जिन्याले बारा महिने कुलूप राह्यते."

साहेबांनी भैय्याजीकडं पाहिलं. भैय्याजी रिटायर माणूस, गल्लीतलं एकमेव दुमजली घर त्यांचं. जिना बाहेरून, खाली लोखंडी जाळीचं फाटक. भैय्याजींनी छताकडं पाहिलं.

"परस्पर सहकार्यानं तोडगा काढा," साहेब म्हणाले आणि पुढच्या सभेला गेले.

तोडगा काढायला गोपिकाला एक महिना लागला. आधी भैय्याजी म्हणाले, गच्चीवर मिरच्या वाळत असतात. मग म्हणाले, पोट्टे वर चढून पतंग उडवतात. मग म्हणाले, बायकोला विचारतो. बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. शेवटी गोपिका दोन वेळा गरम लांब पोळ्या आणि पाटोडीचा रस्सा घेऊन गेली, तेव्हा कुठं एक जादा चावी हातात पडली. ती तिनं देवापाशी, अंगाऱ्याच्या डब्यात ठेवली, कारण घरात कोणी हात लावत नाही असा तेवढा एकच डबा होता.

राहिली गोष्ट जिन्यापर्यंत न्यायची. मधे साठ-सत्तर पावलांची गल्ली. पाणी कमरेला आलं तर? त्यासाठी तिनं टायरवाल्याकडून ट्रकच्या चाकाची जुनी ट्यूब आणली. दोन ठिगळं लावून हवा भरली, आत बाजेची निवार आडवी-उभी विणली. बुढीला त्यात बसवून तरंगत नेता यावं, अशी योजना. ट्यूब तिनं आतल्या खोलीत खुंटीला टांगली. देवकाबाईच्या नेमकी डोळ्यासमोर, हीच चूक झाली.

"कायंकुट्ट काय टांगलं वं माह्या समोर? डोया उघडला का थेच दिसते. यमाचं कडं वाटते."

"तुमच्याचसाठी हाये थे."

"माह्याचसाठी असन. म्हनून तं म्हंतो."

मग पोळा आला. दुसऱ्या दिवशी मारबत. त्या दिवशी नागपुरात कोण कोणाचं ऐकतं! पिवळ्या आणि काळ्या मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुका निघतात, आणि गल्लीगल्लीतले पोट्टे चिंध्या, कागद, फुटकी सुपं गोळा करून आपापला बडग्या बनवतात, त्याला गावभर मिरवतात आणि शेवटी जाळतात. वर्षभराची इडापिडा त्याच्या अंगावर लादून. श्रावण नुकताच सुटलेला, घरोघरी मटण, आणि मटणासोबत लांब पोळी हवीच. गोपिका आणि कामिनी सकाळपासून मडक्यांपुढं. धुरानं डोळे लाल, हात कोपरापर्यंत पिठात.

गल्लीच्या मंडळाचा बडग्या अंगणासमोरून गेला तेव्हा गोपिकानं मान वर केली. यंदाचा बडग्या झकास झाला होता. पोट तर असं गोल गरगरीत, वर फाटका सदरा ताणून बसवलेला.

"कोन्या ठेकेदारावर गेला वाटते," कामिनी म्हणाली.

गोपिका पोट धरून हसली. पोट्टे ओरडले, "इडा पिडा, रोगराई, घेऊन जा गे मारबत!" आणि तीही पिठाचा हात वर करून मनापासून ओरडली, "घेऊन जा गे मारबत!"

दुपारी चारला ती आत पाणी प्यायला गेली. खुंटी रिकामी होती.

"आत्याबाई, ट्यूब?"

"गेली."

"गेली म्हंजे? पाय होते का तिले?"

"पोट्टे आले होते, जुनंपानं द्या म्हनत. म्या म्हनलं न्या रे बाप्पा. ह्या घरातली पुराची पिडा एकदाची मारबतीसंग जाऊ द्या."

गोपिका तशीच धावत सुटली. मैदानाच्या कोपऱ्यात काळा धूर सरळ वर चढत होता आणि रबराचा वास सगळ्या वस्तीत भरला होता. पोट्टे भोवती नाचत होते. एक जण म्हणाला, "काकू, तुमच्या ट्यूबनं बम पेटला बडग्या!"

ती परत आली आणि मडक्यापुढं बसली. कामिनीनं विचारलं, काय झालं? तेव्हा म्हणाली, "काई नाई. म्याच ओरडली, घेऊन जा म्हनून."

त्या रात्री जेवताना तिनं नवऱ्यासमोर ताट ठेवलं, पण वाढलं नाही. "तुमी जिंदगीभर लोकाईचे मंडप बांधले. दोन बांबू अन् एक खुर्ची बांधून देता का मायसाठी? नाई तं आजपासून पोया बिछायतीतच खा."

बिछायत केंद्रातल्या कामात रामाजीचा हात कोणी धरू शकत नाही. भूक लागली होती. त्यानं जेवण झाल्यावर नाही, जेवणाच्या आधी बांधलं. हातांची प्लास्टिकची खुर्ची, दोन्ही बाजूंनी दोन हिरवे बांबू, खाली-वर घट्ट गाठी. पंधरा मिनिटांत डोली तयार. चार माणसांनी खांद्यावर घेतली की जिना चढून सरळ गच्ची. गोपिकानं गाठी ओढून पाहिल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिला थोडं हलकं वाटलं.

"चला आत्याबाई, एक खेप करून पाहू. भैय्याजीले अन् कामिनीले बोलावतो."

देवकाबाईनं हिरव्या बांबूंकडं पाहिलं. दोरीकडं पाहिलं. मग माणसं मोजली. रामाजी, गोपिका, कामिनी, भैय्याजी.

"चौघं?"

"हो."

"हिरवे बांबू, नवी दोरी, अन् चौघाईचा खांदा! रामा, तुह्या बायकोनं माही तिरडी बांधून घेतली रे, तुह्याच हातानं! जित्या मानसाले खांदा देता का रे?"

तिनं जो गळा काढला तो भैय्याजीच्या गच्चीपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी अन्नाला शिवली नाही. शेजारच्या बाया येऊन चौकशी करून गेल्या आणि जाताना गोपिकाकडं अशा पाहत गेल्या, की जणू तिनं सासूला विष घालायचं ठरवलं आहे. रामाजीनं डोली उचलून लाकडांच्या माचामागं सरकवली.

"आता राहू दे. पानी येईन तवा पाहू."

भांडी घासताना एक ताटली गोपिकानं इतक्या जोरानं ठेवली की तिचा काठ वाकला.

गणपती बसले. पाचव्या दिवशी रविवार आला. गणपतीत मटण नसतं, पण पाटोडीच्या रश्शाच्या पंगती असतात, म्हणून काम होतंच. पाऊस सकाळपासून लागून होता. जोराचा नाही, पण न थांबणारा, वरच्या अंगाला कुठंतरी भरपूर पडत असल्याचा. गोपिका दर अर्ध्या तासानं उठून न्हाणीत जायची. नाला गल्लीत शिरायच्या आधी न्हाणीच्या मोरीत बोलतो, हे तिला मागच्या पुरानं शिकवलं होतं.

एकच्या सुमाराला ती गेली तर मोरी उलटी झालेली. आत जायचं पाणी बाहेर येत होतं, काळं, फेसाळ, घाण वासाचं. तिनं तयार ठेवलेलं रेतीचं पोतं मोरीवर टाकलं, पिठाची परात फडक्यानं झाकून माचावर ठेवली, देवापाशची चावी पदराला बांधली आणि ओरडली, "कामिने, मडकी उतरव! मोरी उलटली."

रामाजी जेवून झोपला होता. त्याला हलवून उठवलं. तो बसला, डोळे चोळले, दाराबाहेर पाहिलं. गल्लीत घोटाभर पाणी होतं.

"इतलंसं तं हाये. थांबन थे."

"थांबलं तं उतरवून आनू. उठा!"

तो उठेपर्यंत पाणी उंबऱ्याला लागलं. कामिनी जाऊन भैय्याजींना बोलावून आली. माचामागची डोली बाहेर काढली, खाटेला लावली. देवकाबाईनं दोन्ही हातांनी खाटेची पट्टी गच्च धरली.

"म्या नाई बसत."

"आत्याबाई, पानी घरात आलं."

"येऊ दे. खाट उच्ची हाये."

"माय, चाल ना वं," रामाजी म्हणाला.

"तिघं उचला. चौघं नको."

"तिघाईनं कसं उचलाचं? दोन बांबूले चार टोकं असतात," भैय्याजी म्हणाले. "जिन्यावर कलंडन."

"मंग पाच आना."

पाचवा कुठून आणायचा? गल्लीत जो तो आपली गादी, आपला टीव्ही, आपली लेकरं वर चढवत होता. पाणी पोटऱ्यांना लागलं. एक चप्पल तरंगत आतल्या खोलीत आली आणि देवकाबाईच्या खाटेखाली गेली. सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं.

आणि गोपिकाचा तोल गेला.

"तीन महिने!" ती ओरडली. "तीन महिने झाले, म्या एकटीच मरून राह्यली तुमच्यापायी! सेल ह्यायनं काढले, बिस्किटं तुमी खाल्ले, ट्यूब तुमी जाळली. आता खांद्याले चौघं नको म्हंता. मेलेल्या मानसाचा इतका रुबाब नसते, जितका तुमचा हाये! लोकाईले तिरडी वाटन म्हंता ना? मंग तोंड कायले देल्लं देवानं? मुरदा शिव्या देते का कधी? तुमी द्या! इथून जे सुरू करान थे गच्चीवर जाऊन थांबा. गल्लीले ऐकू येऊ द्या, म्हनजे साऱ्याईले समजंन का बुढी जित्ती हाये!"

देवकाबाईनं सुनेकडं रोखून पाहिलं. मग खाटेच्या पट्टीवरचा एक हात सोडला.

"कोनाले देऊ?"

"मले द्या. दुसऱ्या कोनाले देता तुमी?"

खुर्चीत बसवेपर्यंत बाईनं सुरुवात केली होती. चौघांनी बांबू खांद्यावर घेतले, मुडद्यासारखे पाय पुढं नाहीत, डोकं पुढं, पाय मागं, तेवढं मात्र तिनं बजावून घेतलं, आणि उंबऱ्याबाहेर पडताच तिचा आवाज असा लागला की पावसाचा आवाज मागं पडला.

"कुहीची अवदसा! माह्या सोन्यासारख्या पोराच्या गयात पडली! बावीस साल झाले, एक पोयी जाड भाजत नाई, वाऱ्यानं उडते मेली! दाताले लागत नाई! हिच्या बापानं लग्नात मले लुगडं देल्लं, त्याले भोकं होते भोकं!"

खिडक्यांतून डोकी बाहेर आली. "काय वं देवकामाय, कुठं निघाली?"

"गच्चीवर! तुह्या बापाची गच्ची नाई, भैय्याजीची!"

गुडघाभर पाण्यात पाय चाचपत चौघं जिन्यापाशी पोचले. गोपिकानं एका हातानं पदराच्या गाठीतली चावी काढली, फाटकाच्या कुलपाला लावली. चावी आत जाईना. उलटी करून लावली. जाईना.

"भैय्याजी?"

भैय्याजी पाण्याकडं पाहू लागले. "कुलूप बदललं म्या. मागच्या हप्त्यात. थे मिरच्या... सांगाचं राहून गेलं."

गोपिकानं तोंड उघडायच्या आधी तिचं काम वरून देवकाबाईनं केलं. सुनेवरच्या शिव्या तिनं तिथंच सोडल्या आणि भैय्याजींच्या सात पिढ्या, मिरच्यांसकट, हिशोबात घेतल्या.

"नवी चावी कुठं हाये?" रामाजी ओरडला.

"करदोड्याले."

"मंग काढा ना!"

"कसं काढू? दोन्ही हात बांबूले हायेत. सोडला तं माय पान्यात."

भैय्याजींच्या शेजारचं टोक गोपिकाचं होतं. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.

"काढ ना वं!" वरून हुकूम आला. "बुडाची पाळी आली अन् लाज कायची? त्याच्यापाशी हाये काय असं?"

कामिनी हसली तशी डोली हलली. गोपिकानं दात आवळले, मोकळा हात भैय्याजींच्या ओल्या बनियानीखाली घातला, कमरेचा करदोडा ओढला आणि चावीसकट तोडला. भैय्याजींनी डोळे मिटून घेतले होते. कुलूप उघडलं. अठरा पायऱ्या. प्रत्येक पायरीला एक शिवी, आणि शिव्या अठरापेक्षा जास्त झाल्या, कारण मधल्या वळणावर विसावा घ्यावा लागला.

गच्चीवरच्या टिनाखाली खुर्ची टेकवली तेव्हा देवकाबाईचा आवाज बसला होता. लुगड्याचा काठ तेवढा ओला होता. छाती कोरडी. गोपिकानं तिच्या पाठीवर हात ठेवून पाहिला, मग भिंतीला टेकून खाली बसली. खांद्यावर बांबूचा वळ उठला होता.

"चहा नाई का इथं?" देवकाबाई घोगऱ्या आवाजात म्हणाली.

पाणी तीन तास राहिलं. संध्याकाळी उतरलं तसा रामाजी खाली जाऊन घर पाहून आला. भिंतीवर काळी रेघ उठली होती. तिच्यावर बोट ठेवून त्यानं मापही घेतलं होतं.

"खाटेच्या निवारीले चार बोटं कमी," तो वर येऊन म्हणाला. "माय खाटेवर असती तरी भिजली नसती. उगाच दगदग केली."

गोपिकानं त्याच्याकडं पाहिलं. पाणी खाटेवर आलं असतं तर हाच म्हणाला असता, आधी काहून नाई नेलं. हे समजवायला जितका जीव लागतो, तितका त्या वेळी तिच्यात उरला नव्हता.

"मारबत घेऊन गेली ना पिडा," देवकाबाई शेजारणीला सांगत होती. "म्हनून चार बोटं खाली राह्यलं. नाई तं गेलोच होतो आमी." आता ती खाली उतरायला तयार नव्हती. वर हवा बरी लागते, सगळी गल्ली दिसते, आणि उतरताना पाय पुढं येतात, ते चालणार नाही. भैय्याजी करदोड्याच्या जागी सुतळी बांधून, आपल्याच गच्चीच्या कोपऱ्यात उभे राहून हे ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपिका आणि कामिनीनं फावड्यानं अंगणातला गाळ ओढला. चुली विरघळून बसल्या होत्या. पिवळ्या मातीचा लोंदा करून गोपिकानं त्या पुन्हा घातल्या, हातानं सारख्या केल्या. एका मडक्याला तडा गेला होता, दुसरं शाबूत. माचावरची लाकडं कोरडी होती. परातीतलं कालचं पीठ आंबून फुगलं होतं, ते तिनं गाईला टाकलं.

फोन वाजला. गिऱ्हाईक होतं. संध्याकाळी साठ लांब पोळ्या मिळतील का, पाव्हणे येणार आहेत.

"आमच्याकडं काल पूर आला होता," गोपिका म्हणाली.

"हो का? पेपरात वाचलं. मंग सात वाजता पाठवू का मानूस?"

"आठ वाजता पाठवा. एकच मडकं हाये."

फोन ठेवून तिनं फडकं परातीवर बांधलं आणि पीठ गाळायला बसली. वरून, गच्चीच्या कठड्यावरून, देवकाबाई काहीतरी ओरडत होती. कामिनीनं विचारलं, "काय म्हंते वं बुढी?"

"म्हंत असन काई," गोपिका म्हणाली आणि मिठाचं पाणी ओतलं.